डब्यावरचं शून्य

लग्नाच्या हॉलमध्ये हमखास येणाऱ्या 'सध्या काय करतेस गं?' या प्रश्नाला माझ्याकडे आता तीन उत्तरं रेडी असतात. आत्यांसाठी 'बिल्डिंग लाइनमध्ये आहे'. काकांसाठी 'ग्रीन बिल्डिंग कन्सल्टन्सी'. आणि ज्यांना खरंच ऐकायचं असतं त्यांच्यासाठी, 'मी भिंतींचा वास मोजते'. तिसरं उत्तर ऐकल्यावर बहुतेकजण ताटातल्या जिलबीकडे वळतात. असो.

नाकाने नाही हं मोजत! बाणेर-हिंजवडीकडे जी काचेची ऑफिसं उभी राहतात, त्यांच्या लॉबीत एक चकचकीत पाटी लावलेली असते बघा. लीड गोल्ड, आयजीबीसी प्लॅटिनम, ग्रिहा फाइव्ह स्टार वगैरे. त्या पाटीमागे फायलींचा ढीग असतो. सोलर पॅनेल, पावसाचं पाणी, एसीची कार्यक्षमता अशा ग्लॅमरस फायली सीनियर लोकांकडे. ढिगाच्या तळाशी एक बारकी फाइल असते, 'लो एमिटिंग मटेरियल्स' नावाची. ती माझी. लांबी (जिला आता सगळे पुट्टीच म्हणतात), प्रायमर, रंग, वॉर्निश, कार्पेटखालचा गोंद, अशा आतल्या भिंतींवर आणि जमिनीवर चढणाऱ्या प्रत्येक थराचा कागद गोळा करायचा आणि त्यातून खोलीच्या हवेत किती व्हीओसी उडणार ते तपासायचं.

व्हीओसी म्हणजे व्होलाटाइल ऑर्गॅनिक कंपाउंड्स. शुद्ध मराठीत बाष्पनशील सेंद्रिय संयुगं. पण 'सेंद्रिय' म्हटलं की लोकांना गूळ आणि हातसडीचा तांदूळ आठवतो, म्हणून मीटिंगमध्ये मी तो शब्द टाळते. रंग वाळतो तेव्हा त्यातलं पाणी उडतं तशी ही मंडळीही उडतात. ऑइल पेंटमधलं टर्पेंटाइन, पॉलिशमधला थिनर, प्लास्टिक पेंटमधले ग्लायकॉल. नव्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्यावर 'अहाहा, नवीन घराचा वास!' म्हणून जो आपण छाती भरून घेतो ना, तो हाच.

आता एक गंमत सांगते, जी मलाही नोकरीला लागल्यावर कळली. रंगातल्या व्हीओसीवर कायद्याची नजर पडली ती घरातल्या माणसांच्या फुफ्फुसांसाठी नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या आकाशासाठी. तिथे ही वाफ आणि गाड्यांचा धूर उन्हात एकत्र शिजून धुरकं व्हायचं. १९६६ साली तिथल्या काउंटीने 'रूल ६६' आणला आणि सॉल्व्हंटवर बंधनं घातली. म्हणून अमेरिकेच्या व्याख्येत जे रसायन धुरकं करत नाही, ते व्हीओसीच नाही. अॅसिटोन १९९५ साली यादीतून सुटलं. नेलपेंट रिमूव्हरची बाटली उघडून नाकाशी धरा आणि स्वतःला सांगा, 'हे शून्य आहे.' जमतंय?

ही भानगड आधी सांगितली, कारण पुढची सगळी कहाणी शून्यावरच आहे.

आमच्या एका क्लायंटने नव्या ऑफिसात पाळणाघर काढलं. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसांना ते सक्तीचं केलं, त्यामुळे तो आता प्रत्येक प्लॅनमध्ये असतो. बहुतेक ठिकाणी स्टोअररूमला कार्टून चिकटवतात. या लोकांनी मात्र मनापासून केलं होतं. कॉर्क फ्लोअरिंग, बुटकी बेसिन्स, खिडकीतून बाहेरचं कडुलिंबाचं झाड. फक्त ब्रँडिंग टीमची एक अट होती. एक अख्खी भिंत कंपनीच्या रंगात हवी. आणि कंपनीचा रंग होता गडद मरून.

कागदोपत्री काहीच प्रॉब्लेम नव्हता. रंग नामांकित, वॉटर बेस्ड, बादलीवर पान-फुलाचं चित्र आणि टेस्ट सर्टिफिकेट. आमच्या चेकलिस्टवर आतल्या भिंतीच्या मॅट रंगाला लिटरमागे ५० ग्रॅमची मर्यादा आणि चमकदार रंगाला १५० ची. हे आकडे 'ग्रीन सील' या अमेरिकन संस्थेच्या १९९३ च्या मानकातून आलेत आणि आपल्याकडे आयजीबीसीच्या तक्त्यातही ते सापडतात. सर्टिफिकेटवरचा आकडा ५० च्या बराच खाली होता. टिक केलं, पुढचं पान!

पण सर्टिफिकेट होतं बेसचं. पांढऱ्या बेसचं.

तुम्ही कधी रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीन चालताना बघितलंय? दुकानदार शेड नंबर टाकतो, मशीन वरून पिचकाऱ्या सोडतं, मग बादली गदागदा हलते आणि झाकण उघडलं की तुमचा रंग तयार. शेड कार्डावरचे हजारो रंग कंपनी बनवून पाठवत नाही, ते तुमच्या नाक्यावरच्या दुकानात बनतात. फिकट शेडला चार थेंब पुरतात. गडद मरूनला मात्र लिटरमागे शंभर मिलीच्या आसपास कलरंट लागू शकतं. आणि साध्या कलरंटमध्ये रंगद्रव्य वाळू नये, नळी तुंबू नये म्हणून ग्लायकॉल घातलेलं असतं. ग्लायकॉल म्हणजे पुन्हा व्हीओसीच. थोडक्यात, सर्टिफिकेट एका रंगाचं आणि भिंतीवर दुसराच.

हे काही माझं संशोधन नाही. अमेरिकेत २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये फेडरल ट्रेड कमिशनने शेर्विन-विल्यम्स आणि पीपीजी या दोन बड्या कंपन्यांना नेमकं याच मुद्द्यावर गाठलं होतं. त्यांच्या काही रंगांवर 'झीरो व्हीओसी' लिहिलेलं असायचं. कमिशनचं म्हणणं, हे बेसपुरतं खरं असेल, शेड मिसळल्यावर काय? शेवटी ते दावे मागे घ्यायचं ठरलं. लॉस एंजेलिस परिसरातला नियमही मजेशीर आहे. रंगाची मर्यादा टिंट घालण्याआधीची, आणि कलरंटसाठी स्वतंत्र मर्यादा २०११ च्या दुरुस्तीत आली. युरोपने मात्र २००४ च्या निर्देशातच स्पष्ट सांगून टाकलं की मोजायचं ते भिंतीला लावायला तयार असलेला रंग. मला विचाराल तर शहाणपण युरोपचं. आपण भिंतीला बेस लावत नाही.

'कागदावर आपण क्लीन आहोत,' आमचे सर म्हणाले. 'पॉइंट मिळतोय. मग?' सर वाईट नाहीत. त्यांच्या डोक्यावर चौदा प्रोजेक्ट्स आहेत आणि ओपनिंगला क्लायंटचा परदेशातला साहेब येणार होता. मीही कदाचित पुढच्या पानावर गेले असते, पण क्लायंटकडून पाळणाघराचं काम बघणाऱ्या एचआरच्या मॅडम साइट व्हिजिटला आल्या. सातवा महिना होता त्यांना. हेल्मेट घालून सगळीकडे फिरल्या, कॉर्क दाबून बघितला आणि एकच प्रश्न विचारला. 'त्या मरूनचा आकडा किती?' पांढऱ्याचा नाही, मरूनचा. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी फायलीकडे. फायलीत तो आकडाच नव्हता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'मग कळवा.' ऑफिसात परतताना सर गाडीत म्हणाले, 'पाठव सॅम्पल.'

लॅबमध्ये काय करतात हे ऐकलंत तर निराश व्हाल, इतकं ते साधं आहे. अॅल्युमिनियमच्या चिमुकल्या वाटीत अर्धा ग्रॅमच्या आसपास रंग घ्यायचा, ११० अंशाच्या ओव्हनमध्ये एक तास ठेवायचा, पुन्हा वजन करायचं. जितकं घटलं तितकं उडालं. पण उडालेल्यात बहुतेक पाणीच! मग कार्ल फिशरच्या पद्धतीने (हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ, पद्धत १९३५ ची) पाणी वेगळं मोजायचं आणि वजा करायचं. उरलं ते व्हीओसी. आता ज्या रंगात पाणीच पाणी आहे आणि व्हीओसी चिमूटभर, तिथे एका मोठ्या आकड्यातून दुसरा मोठा आकडा वजा होतो. पाणी मोजण्यात जराशी चूक झाली की व्हीओसीचा आकडा उड्या मारतो. म्हणून लो-व्हीओसी रंगासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी बरी. मशीन प्रत्येक रसायन सुटं करून दाखवतं. आम्ही तीच करून घेतली. एका भिंतीच्या रंगापेक्षा टेस्ट महाग पडली, हे अकाउंट्सवाल्यांनी मला अजून विसरू दिलेलं नाही.

रिपोर्ट आला आणि खरा तमाशा सुरू झाला. पेंटिंगचा ठेकेदार म्हणे पास. लॅब म्हणे नापास. दोघांकडे तोच रिपोर्ट!

इथे थोडं गणित सहन करा, आठवीच्या पुढचं नाही. क्लायंटचे खरे आकडे सांगता येणार नाहीत, म्हणून समजा धरून चालू. समजा, एक लिटर बेसमध्ये अर्धा लिटर पाणी आहे आणि १० ग्रॅम व्हीओसी. अमेरिकन पद्धतीत पाणी वगळून भागतात, कारण कुणी नुसतं पाणी ओतून आकडा पातळ करू नये. १० भागिले अर्धा, म्हणजे २०. मजेत पास. आता त्यात १०० मिली कलरंट घाला, ज्यात २५ ग्रॅम ग्लायकॉल आहे. व्हीओसी झालं ३५ ग्रॅम. पाणी वगळून रंग उरतो ०.६ लिटर. ३५ भागिले ०.६ म्हणजे ५८. गेली विकेट! पण पाण्यासकट भागलंत तर ३५ भागिले १.१, म्हणजे ३२. ठेकेदार हा ३२ बोटाने दाखवत होता. 'पन्नासच्या खाली आहे ना मॅडम? मग?'

मग काय! पाण्यासकट मोजायचं ते युरोपात. पण तिथे आतल्या मॅट रंगाची मर्यादा २०१० पासून ३० आहे. म्हणजे ३२ वालाही तिथे नापासच. मोजपट्टी पुण्याहून लंडनची आणि मर्यादा अमेरिकेची, असं चालत नाही. एवढं पटवायला मला दोन मीटिंगा, एक व्हाइटबोर्ड आणि तीन कटिंग चहा लागले. ठेकेदार शेवटी म्हणाला, 'तुमचं बरोबर असेल, पण भिंतीला काय फरक पडतो?'

भिंतीला नाहीच पडत. फरक कुणाला पडतो, ते त्याच्याच माणसांमध्ये दिसत होतं. साइटवर एक रंगारी मामा होते, लातूरकडचे. तीस वर्षं हातात रोलर आणि ब्रश. सगळी साइट त्यांना मामाच म्हणायची. मी मास्क दिला की ते कौतुकाने खिशात ठेवायचे. लो-व्हीओसी रंगावर त्यांचा विश्वासच नव्हता. 'ताई, वास न्हाई म्हंजी रंगात दम न्हाई. आस्सल रंग डोळ्यात पानी आणतोय.' रात्री मामा आणि त्यांची पोरं तिथेच झोपायची, बहुतेक वेळा त्या दिवशी रंगवलेल्या खोलीत, कारण ती झाडून स्वच्छ केलेली असायची. डास येतात म्हणून खिडक्या बंद. आमची सगळी चेकलिस्ट पुढे त्या खोलीत बसणाऱ्यांसाठी आहे. सगळ्यात मोठा डोस पहिल्या रात्री कोण घेतो, याला पॉइंट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसायच माणसाला कर्करोग देणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय, १९८९ सालीच. त्या वेळी मामांनी ब्रश हातातसुद्धा घेतला नव्हता. हे त्यांना कुणी सांगायचं? मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, 'मंग पोराला न्हाई लावत ह्या कामाला.' पोरगा शेजारीच लांबी घासत होता.

त्यानंतर निदान झोपायची जागा बदलली. तळमजल्यावर एक उघडं पार्किंग होतं, तिथे मच्छरदाण्या बांधून दिल्या. एवढं झालं ते सरांमुळे, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

मरूनचं म्हणाल तर तोडगा वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. बिनग्लायकॉलची कलरंट बाजारात मिळतात, फक्त प्रत्येक दुकानाच्या मशीनमध्ये नसतात. त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे होती. ब्रँडिंग टीमला समजावून भिंतीवर मरूनचा नुसता रुंद पट्टा ठेवला, बाकी फिकट बदामी. शेड एका छटेने बदलली म्हणून थोडी कुरकुर झाली (त्यांच्याकडे कंपनीच्या मरूनची सोळा पानी पुस्तिका आहे!). पुन्हा सॅम्पल, पुन्हा लॅब. मिसळलेल्या मरूनचा रिपोर्ट पास. मी तो एचआरच्या मॅडमना कळवला. त्यांचं उत्तर आलं, नुसतं 'थँक्स' आणि एक स्मायली.

एवढ्यावर हवा स्वच्छ झाली असं समजू नका. डब्यात किती आहे आणि खोलीत किती आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून लीडमध्ये राहायला जाण्याआधी दोन पर्याय असतात. एक, फ्लश-आउट. दर चौरस फुटामागे १४,००० घनफूट बाहेरची हवा आत ढकलायची, आणि त्या वेळी आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवायची. पुण्यात जुलै महिन्यात हे वाक्य मोठ्याने वाचून बघा! दुसरा पर्याय, हवेची टेस्ट. आम्ही तो घेतला. लॅबचा मुलगा पंप आणि काचेच्या नळ्या घेऊन येतो आणि निदान चार तास खोलीतली हवा ओढतो. पंप जमिनीपासून तीन ते सहा फुटांवर ठेवायचा असतो, कारण तिथे माणसाचं नाक असतं. पण पाळणाघरात? रांगणाऱ्या बाळाचं नाक फार तर फूटभर उंचीवर. चेकलिस्टमध्ये बसत नसताना मी त्याला एक पंप खाली ठेवायला लावला. तो बिचारा काही बोलला नाही, फक्त चटईवर बसून चार तास मोबाइलवर क्रिकेट बघत राहिला.

वरचे-खालचे आकडे जवळपास सारखेच आले. एकूण व्हीओसी घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत. पण फॉर्माल्डिहाइड अगदी काठावर, २७ पीपीबीच्या रेषेला टेकलेलं. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे यावर २००४ साली शिक्कामोर्तब झालंय. सगळ्यांनी मरूनकडे बघितलं. तो पट्टा बिचारा निर्दोष होता. वास होता खेळण्यांच्या कपाटाला, स्वस्त बोर्डाच्या आतल्या गोंदाचा. बाहेरून सुंदर लॅमिनेट, आतल्या कडा उघड्या. आठवडाभर दारं सताड उघडी, पंखे फुल्ल, उघड्या कडांना एजबँड. मग दुसऱ्या टेस्टमध्ये आकडा खाली आला. भिंतीवर सगळ्यांचा डोळा असतो हो, कपाटाच्या आत कोण बघतं?

तुमच्यापैकी कुणाचं दिवाळीआधी घर रंगवायचं चाललं असेल, तर दुकानदाराला एक विचाराच. 'हा आकडा शेड मिसळण्याआधीचा की नंतरचा?' तो तुमच्याकडे माझ्या आत्यांसारखा बघेल, पण बघू दे. बेडरूमला गडद शेड हवीच असेल तर एका भिंतीपुरती ठेवा. दारं-खिडक्यांचं ऑइल पेंट आणि फर्निचरचं पॉलिश हे भिंतीपेक्षा मोठे गुन्हेगार आहेत, ती कामं सगळ्यात आधी उरकून घ्या. वास घालवायला रूम फ्रेशनर मारू नका, तोही व्हीओसीच. आणि रंगारी रात्री कुठे झोपणार, तेही विचारून ठेवा.

पाळणाघर सुरू होऊन आता चार महिने झाले. मागच्या आठवड्यात क्लायंटच्या अॅडमिनचा फोन आला. मुलांनी खडूने मरून पट्ट्यावर एक हत्ती आणि बहुधा एक रिक्षा काढली होती. पुसली जात नव्हती.

'मॅडम, टच-अप करून घेतोय. खालच्या हार्डवेअरवाल्याकडून आणू ना सेम शेड? अर्धाच लिटर लागेल.'

मी म्हटलं, 'थांबा, डीलरचा नंबर पाठवते.'

'अहो, तो पार पिंपरीत आहे!'

'हो,' मी म्हटलं, 'पिंपरीतच आहे.'